कॉर्टिसॉलचा आकडा येईपर्यंत

अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या शिरांतलं रक्त घेण्यासाठी दुसऱ्यांदा कॅथलॅबच्या, म्हणजे शिरांत नळी घालून तपासतात त्या खोलीतल्या, टेबलावर आडवी झाले तेव्हा आधी मीच विचारलं, "डॉक्टर, कॉर्टिसॉल मी इथे असतानाच बघणार ना?" ते म्हणाले, "हो ताई. आकडा आल्याशिवाय तुम्हाला उठवत नाही."

कॉर्टिसॉल हे या ग्रंथींचंच एक हार्मोन, नळी योग्य शिरेत आहे का ते त्यावरून कळतं. पहिल्या वेळी हे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. तीन गोळ्या घेऊनही बीपी १७०/१०५, रात्री पोटऱ्यांत गोळे, पोटॅशियम घटून २.९. आमच्या फिजिशियननी रक्तातलं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन आणि त्याला चालना देणारं रेनिन तपासायला लावलं, पुढे सलाईनची चाचणी झाली आणि प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम ठरला. या आजारात मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी गरजेपेक्षा जास्त अल्डोस्टेरॉन सोडतात. ते अंगात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. एकाच ग्रंथीचा दोष असेल तर ती काढता येते, दोन्हींचा असेल तर गोळ्या. सीटीत उजवीकडे ९ मिलिमीटरची गाठ दिसली. घरचे म्हणाले, मग काढून टाका ती! पण दिसणारी गाठ हार्मोन सोडतेच असं नाही, म्हणून दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त तपासायचं ठरलं.

त्यासाठी सहा आठवडे स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी, बंद. दुसऱ्या गोळ्या, वर पोटॅशियमचं ते घशाशी येणारं सिरप. जांघेतून नळी घातली, दीड तास लागला, मी घरी आले. आठ दिवसांनी कळलं की उजव्या नमुन्यातलं कॉर्टिसॉल साध्या शिरेतल्या रक्ताइतकंच आहे. म्हणजे नळी त्या शिरेत पोचलीच नव्हती. त्या दिवशी मी खूप रडले. चूक कुणाची म्हणून नाही. त्याच दिवशी कळलं असतं तर तिथल्या तिथे पुन्हा प्रयत्न करता आला असता, म्हणून.

डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, ती बहुधा सापडते. उजवी मात्र आखूड, बारीक, आणि थेट पोटातल्या मोठ्या शिरेत उघडणारी. जवळच यकृताच्या छोट्या शिरा असतात, त्या फसवतात. कॉर्टिसॉल दोन्ही ग्रंथी बनवतात, म्हणून ग्रंथीच्या शिरेत ते कितीतरी पट जास्त असतं. नळी योग्य जागी आहे याचा तोच पुरावा.

दुसऱ्या हॉस्पिटलात ग्रंथींना चेतवणारं औषध सलाईनमधून चालू होतं, त्यामुळे कॉर्टिसॉल साध्या शिरेतल्या रक्ताच्या निदान पाच पट तरी हवं होतं. वॉर्डबॉय बर्फातल्या नळ्या घेऊन लॅबकडे धावला. "ताई, पाय हलवू नका," सिस्टर म्हणत होत्या. अर्ध्या तासाने फोन वाजला. डावं बारा पट. उजवं दीड पट. पुन्हा चुकलं होतं! पण मी टेबलावरच होते. डॉक्टरांनी नळी बदलली, थोडं वर सरकून शोधलं, परत नमुना, परत फोन. नऊ पट. काचेपलीकडे सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले.

अल्डोस्टेरॉनचा रिपोर्ट यायला मात्र आठवडा गेला. दोष डावीकडे होता. गाठ दिसत होती ती उजवी ग्रंथी जवळजवळ गप्पच होती. सीटीवर विसंबून ऑपरेशन झालं असतं तर माझी चांगली ग्रंथी गेली असती.

फेब्रुवारीत दुर्बिणीने डावी काढली. आता बीपीची एक गोळी उरली आहे, आणि पोटॅशियम सिरपशिवाय ४.३ आहे.