किती टक्के झाले, असे तुम्ही विचारलेत म्हणून

आमच्या व्हिज्युअल नॉव्हेलचे, म्हणजे चित्रे, संगीत आणि वाचकाने करायच्या निवडी यांतून संगणकावर वाचायच्या गोष्टीचे, काम किती टक्के झाले, आणि दर महिन्याला दिला जाणारा प्रगतीचा अहवाल आम्ही का बंद केला, हे दोन प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेले आहेत की त्यांची तुटक उत्तरे देण्याचा मला कंटाळा आला आहे. विचारणाऱ्यांत ज्यांनी आगाऊ पैसे दिले ते आहेत, ज्यांनी नुसता नमुना खेळून पाहिला ते आहेत, आणि माझे सख्खे मामाही आहेत. म्हणून एकदाच, सविस्तर उत्तर देतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदव्यापारी कुटुंबाची २००५ च्या महापुरातली ही गोष्ट आम्ही चौघे मिळून का करतो आहोत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा सांगत नाही.

आधी टक्क्यांविषयी. पटकथा, चित्रे, संगीत आणि प्रोग्रामिंग असे चार रकाने आम्ही करीत असू आणि प्रत्येकापुढे एक आकडा लिहीत असू. पटकथेचा आकडा काढणे सर्वांत सोपे होते, कारण आम्ही ज्या रेनपाय या मोफत इंजिनवर काम करतो, त्याच्या लिंट नावाच्या तपासणीत संवादाचे तुकडे किती, शब्द किती आणि निवडीचे प्रसंग किती, हे आपोआप मोजून मिळते. झालेल्या शब्दांना ठरवलेल्या शब्दांनी भागले की टक्के हाती येत. अडचण छेदाची होती. गोष्ट लिहिताना छेद एका जागी राहत नाही. एखादे पात्र बोलू लागले की ठरवलेले शब्द वाढतात, आणि महिनाभर मन लावून काम केल्यावर आपण मागच्या महिन्यापेक्षा मागे गेल्याचे कागदावर दिसते.

त्यात फाटे फुटणाऱ्या गोष्टीचे गणित वेगळेच असते. वाचकाला तीन ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले तर आठ वाटा होतात. चौथे ठिकाण वाढवले की सोळा. वाटा पुढे एकत्र आणल्या तरी वाचकाने मागे काय निवडले हे गोष्टीला लक्षात ठेवावे लागते, आणि मुलीने आईशी खोटे बोलण्याची वाट धरली असेल तर शेवटच्या प्रकरणातले आईचे एक साधे वाक्यही बदलावे लागते. चौथ्या निवडीने पटकथेच्या रकान्यात जेमतेम भर पडली. तपासण्याचे काम मात्र दुप्पट झाले, आणि तपासण्याला आमच्याकडे रकानाच नव्हता.

देवनागरीचेही तसेच. आम्ही सुरुवात केली तेव्हाच्या रेनपायमध्ये जोडाक्षरे नीट जुळत नसत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता मागे लागत असे. संवाद एकेक अक्षराने उमटवायचे ठरवले तर ‘क्ष’ आधी पाय मोडलेल्या ‘क’सारखा दिसे आणि मग डोळ्यांदेखत त्याचे रूप बदले. दुःखाच्या प्रसंगात ओळ अशी थरथरू लागली की वाचकाचे लक्ष गोष्टीवरून उडते. पुढे अक्षरे नीट जुळवणाऱ्या हार्फबझ या प्रणालीची सोय असलेली आवृत्ती आली तेव्हा आम्ही सगळे काम तिच्यावर हलवले; पण रेनपाय ८ ही आवृत्ती पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या तिसऱ्या पिढीवर, पायथन ३ वर, चालते आणि आमचा कोड पायथन २ चा होता, त्यामुळे प्रोग्रामिंग करणाऱ्या मित्राने तो जवळजवळ पहिल्यापासून तपासला. त्या काळात चारही रकान्यांतला एकही आकडा हलला नाही. ‘काम थांबले आहे काय?’ असे तेव्हा ज्यांनी विचारले, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी आकडा पाहिला, आणि आकडा आम्हीच दिला होता.

आमच्या एका पाठीराख्याने मला सांगलीकराला न टाळता येणारा प्रश्न विचारला. पावसाळ्यात आपण सगळे तासातासाला आयर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी विचारतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. मग तुम्ही तुमची पातळी का लपवता? या प्रश्नावर मी बराच विचार केला. पुलाखालच्या खुणा पाण्याबरोबर वर-खाली होत नाहीत, म्हणून त्या आकड्यावर घर सोडायचे की नाही हे ठरवता येते. आमच्या खुणा आम्हीच रंगवत होतो आणि दर महिन्याला पुसून नव्याने रंगवत होतो. लपवण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते, तसे विश्वासाने सांगावे असे मापही नव्हते.

पण अहवाल बंद होण्याचे खरे कारण हे नाही.

आमच्या गोष्टीचा कणा एका प्रसंगावर उभा होता. नदी घाटाच्या पायऱ्या चढते आहे, हळदीचे पेव, म्हणजे ती साठवण्याचा खोल खड्डा, जमिनीखाली भरलेले आहे, आणि नायिकेचे वडील पेवाचे तोंड फोडून दोराने आत उतरतात. त्यांना उतरू द्यायचे की अडवायचे, हे वाचकाने ठरवायचे. या प्रसंगाची चित्रे आमच्या चित्रकार मैत्रिणीने सबंध हिवाळा खपून काढली. त्यांतले एक पेवाच्या तळातून वर पाहणारे होते: वर आकाशाचा लहानसा गोल, कडेला गवताची पाती, आणि दोराला आवळलेले बापाचे पाऊल, ज्याच्या टाचेच्या भेगांत पिवळी हळद भरलेली आहे. इतके चांगले चित्र आमच्या कामात त्याआधी नव्हते. त्या महिन्यात चित्रांचा रकाना ऐंशीच्या पुढे गेला आणि तुमच्यापैकी अनेकांनी अभिनंदन केले.

त्यानंतर ती मैत्रीण आणि मी हरिपुरात एका वयस्कर गृहस्थांकडे गेलो. त्यांची उमर पेवातून हळद वर काढण्यात गेली होती. सगळे त्यांना तात्या म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी तो प्रसंग सुरू केला. पावलाचे चित्र आल्यावर ते पुढे वाकले आणि म्हणाले, “पाऊल बराबर काढलंय पोरीनं. दोर असाच धरतोय पाय.” तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. मग पुढचे संवाद वाचून ते काही वेळ गप्प राहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “पर असं नसतंय बघ. पेव फोडल्या फोडल्या कोण उतरतंय व्हय? आत हवा कोंडलेली असती. माणूस जागच्या जागी बसतंय, परत उठत न्हाई. आधी उघडून ठिवायचं, हवा खेळू द्यायची, मग उतरायचं. तुमच्या गोष्टीतला बाप ह्यात जल्मला न्? मग त्यो एवढा खुळा कसा?”

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पिढ्यानपिढ्या पेवे राखणारा माणूस अशा रीतीने उतरणार नाही, आणि तो उतरणार नसेल तर आमचा मधला निवडीचा प्रसंग, त्यातून फुटणाऱ्या वाटा आणि त्या वाटांवरची चित्रे, यांतले काहीच उभे राहत नाही. परतताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती आणि सांगलीत पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. प्रोग्रामिंग करणाऱ्या मित्राचे म्हणणे होते की हे कुणाला कळणार आहे; पुण्या-मुंबईच्या वाचकाने पेव पाहिलेलेसुद्धा नसते. मी म्हणालो की हरिपुरात कळेल, आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच ती खोटी वाटणार असेल तर आपण ती सांगू नये. याबाबत माझे मत आजही बदललेले नाही. प्रसंग काढला.

त्या महिन्याचा अहवाल मीच लिहिला. चित्रांचा रकाना ऐंशीवरून निम्म्याच्या आसपास आला. कारण मी दोन परिच्छेदांत दिले होते, पण ते फार थोड्यांनी वाचले असावे, कारण पहिली प्रतिक्रिया पैसे घेऊन झोपलात का, अशी आली आणि पुढच्या बहुतेक तिच्याच वळणावर गेल्या. रात्री उशिरा आमच्या मैत्रिणीचा मेसेज आला. तिने लिहिले होते, “मी काढलेली चित्रं झाली होती की नव्हती, तेवढं फक्त सांग.”

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. तिचे काम झाले होते, उत्तम झाले होते, तात्यांनीही त्याची साक्ष दिली होती. आणि माझ्या रकान्याने ते झालेच नाही असे जाहीर केले होते. तिने पावलाच्या त्या एका चित्रासाठी स्वतःच्या आजोबांना तासन्‌तास दोर धरून उभे केले होते, हे कोणत्या टक्क्यात बसवायचे? काही महिन्यांनी ती पुण्याला नोकरीसाठी गेली. अहवालाचा त्याच्याशी संबंध नाही असे ती सांगते. तिचे म्हणणे मी खोडून काढत नाही, पण मला ते पुरते पटलेलेही नाही.

त्यानंतर मी अहवाल लिहिला नाही.

आमच्या अगदी पहिल्या अहवालात मी लिहिले होते की जे मोजले जात नाही ते पुढे सरकत नाही. ते वाक्य लिहिणाऱ्या माणसाशी मी हल्ली वारंवार भांडतो. त्याला मी हे सारे ऐकवतो आणि तो मला विचारतो की अहवाल बंद केल्यापासून तुमचे काम वेगाने झाले काय. तसा दावा मला करता येत नाही. महिनाअखेरीच्या धाकाने मिरजेचा आमचा संगीतकार एक तरी धून पूर्ण करून पाठवीत असे. आता अर्धवट धुनी साठत जातात. ज्यांनी आगाऊ पैसे दिले त्यांना विचारण्याचा हक्क आहे, हेही तो मला बजावतो, आणि तो हक्क मला मान्य आहे. तरीही एखाद्या माणसाचे हिवाळाभराचे काम वजाबाकीत दाखवणारा कागद मी पुन्हा लिहावा, हे मला अजून मान्य होत नाही.

आता काय झाले आहे ते आकड्यांशिवाय सांगतो. मधला प्रसंग नव्याने लिहून झाला आहे, आणि तो तात्यांच्या बोलण्यातूनच निघाला. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली आहे, पाणी अजून हरिपुरात पोहोचलेले नाही, आणि पेव उघडायचे असेल तर आजच संध्याकाळी उघडले पाहिजे, म्हणजे उद्या आत उतरता येईल. उघडले आणि पाणी आलेच नाही, तर भाव चढण्याची वाट पाहत बंद ठेवलेला माल अकाली बाहेर पडला. न उघडता पाणी आले, तर उतरायला वेळच उरणार नाही. वाचकाने हे आदल्या संध्याकाळी, कोरड्या जमिनीवर उभे राहून ठरवायचे आहे. पहिल्या प्रसंगापेक्षा हा मला कितीतरी खरा वाटतो. त्याची चित्रे व्हायची आहेत; मैत्रिणीने पुण्याहून काढून देण्याचे कबूल केले आहे आणि मी तिच्याकडे तारीख मागितलेली नाही. देवनागरीचे काम पूर्ण आहे. संगीत अपुरे आहे. शेवटची दोन प्रकरणे मी लिहितो आहे.

ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांनी कळवावे, त्यांचे पैसे परत केले जातील. प्रोग्रामिंग करणाऱ्या मित्राचे म्हणणे आहे की दिवाळीपासून अहवाल पुन्हा सुरू करावेत, आकड्यांसकट, आणि तपासणीसाठी व काढून टाकलेल्या कामासाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. मी त्याला अजून हो म्हटलेले नाही.