गाणारा पोस्टमन

पोस्टमनची नोकरी म्हणजे पुस्तकं नसलेलं ग्रंथालय, असं अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइन म्हणायचा. शांतता भरपूर, वाचायला काही नाही. अशा वेळी डोकं आपलं आपलं काहीतरी करत बसतं. याचं गाणी रचत बसलं.

जन्म १९४६ चा, शिकागोजवळच्या मेवुडमधला. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना सैन्यात बोलावणं आलं, पण नशिबाने पश्चिम जर्मनीत यंत्रं दुरुस्त करायला धाडलं. परतल्यावर खांद्याला पुन्हा टपालाची पिशवी. शिकागोचा वारा हाडं गोठवणारा. तो चुकवायला हा गडी रस्त्याकडेच्या, टपाल ठेवायच्या मोठ्या पेटीत शिरून सँडविच खायचा. ‘हॅलो इन देअर’ त्याने अशाच पेटीत बसून जुळवलं म्हणतात. मुलं पांगलेली, एकमेकांशी बोलायलाही विषय उरलेला नाही, असं एक म्हातारं जोडपं त्यात आहे. लिहिणारा मात्र विशीतला! पण लहानपणी तो वृद्धाश्रमात पेपर टाकायला जायचा आणि तिथली काही मंडळी इतरांसमोर त्याला आपला नातू म्हणून मिरवायची. ते त्याच्या मनात राहिलं असणार.

१९७० मध्ये शिकागोच्या ‘फिफ्थ पेग’ नावाच्या क्लबमध्ये तो गात होता. चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट तिथे आला तो पॉपकॉर्न खारट लागले म्हणून. चित्रपट अर्धवट सोडून बिअर प्यायला निघालेला हा माणूस गाणी ऐकून थक्क झाला आणि त्याने चित्रपटाऐवजी पोस्टमनवरच लिहिलं. पुढच्याच वर्षी पहिला अल्बम. ‘सॅम स्टोन’मधला युद्धावरून व्यसन घेऊन आलेला बाप, ‘एंजल फ्रॉम माँटगोमेरी’मधली संसाराला कंटाळलेली बाई, खाणीने गिळलेलं केंटकीतलं आईवडिलांचं गाव, सगळे त्या एकाच अल्बममध्ये. यातल्या कुणाला तो उपदेश करत नाही की कुणाची कीव करत नाही. रोज दारापर्यंत जायचं, आत शिरायचं नाही, तरी घरातलं बरंच कळतं, ही पोस्टमनची सवयच ती, असं मला वाटतं.

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांशी त्याचं फार काळ जमलं नाही. १९८१ मध्ये त्याने मित्रांसोबत स्वतःची ‘ओह बॉय रेकॉर्ड्स’ काढली आणि गंमत म्हणजे तिला उभं केलं टपालानेच. १९८४ चा ‘एमलेस लव्ह’ निघण्याआधीच चाहत्यांनी त्याच्यासाठी चेक पाठवून दिले. न ऐकलेल्या गाण्यांचे पैसे आगाऊ! आजच्या ‘क्राउडफंडिंग’वाल्यांना हे सांगायला हवं.

१९९८ मध्ये मानेचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर आवाज खाली उतरला, खरबरीत झाला. त्याला स्वतःला तो आधीपेक्षा बरा वाटायचा. मलाही वाटतो. २०१३ मध्ये फुप्फुसाचा एक भाग काढावा लागला. तेव्हा दम परत मिळवायला घरातले जिने चढायचे-उतरायचे आणि धापा टाकतच गिटार उचलून गायचं, असा व्यायाम त्याने केला.

७ एप्रिल २०२० रोजी तो कोविडने गेला. त्याआधी दोन वर्षं आलेल्या शेवटच्या अल्बममध्ये स्वर्गात गेल्यावर काय काय करायचं, याचं एक गाणं आहे. देवाशी हस्तांदोलन, मग व्होडका आणि जिंजर एल. कर्करोगामुळे सिगारेट सुटली होती आणि तिची आठवण काही जात नव्हती. म्हणून तिथे एक सिगारेटही ओढायची आहे. नऊ मैल लांबीची.