खांदा की शिखर?

"मॅडम, शिखरं दोन झाली, की आपल्याला आत्ता दोन दिसायला लागली?"

रात्री अडीचला ज्युनिअरने विचारलेला हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाहीये.

झालं असं की क्युप्रेटच्या (तांबं-ऑक्सिजनचं संयुग) सॅम्पलवर रिक्स चालू होतं, म्हणजे एक्स-रे मारून परतणाऱ्या फोटॉनने किती ऊर्जा गमावली ते मोजणं, तांबं ज्या ऊर्जेला एक्स-रे जोरात शोषतं ती एल-3 एज म्हणजे साधारण 930 इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि इलॅस्टिक लाइनच्या (ऊर्जा न गमावता परतलेल्या फोटॉनच्या रेषेच्या) शेजारी नुसता एक खांदा दिसत होता, म्हणून एक्झिट स्लिट, म्हणजे येणाऱ्या किरणातला ऊर्जेचा पसारा कमी करणारी फट, निम्मी केली, सिग्नल धाडकन पडला, एका तासाच्या स्पेक्ट्रमला तीन तास गेले, पण शेवटी 70 मिली इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ फोनॉन, म्हणजे अणूंच्या जाळीचं कंपन, सुटा उभा राहिला. सॅम्पल तेच, तापमान तेच.

त्याआधी कार्बन टेपवर रिझोल्यूशन, म्हणजे किती जवळची शिखरं वेगळी दिसतील ते, तपासलं होतं. साधी चिकटपट्टी ती, पण रेषेची किती रुंदी आपल्या यंत्राची आहे ते तीच खरं सांगते, मला तर तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

2010 च्या सुमारास याच एजला 130 मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट रिझोल्यूशन म्हणजे कमाल होती, क्युप्रेटमधले मॅग्नॉन, म्हणजे चुंबकीय लहरी, 300 च्या घरात जातात म्हणून तेव्हा दिसले तरी. फोनॉन त्या जाड रेषेतच बुडालेले. आता फ्रान्समधल्या ग्रेनोबलला 11 मीटर लांब स्पेक्ट्रोमीटर आहे, रिझोल्यूशन 30 च्या आसपास जातं. प्रत्येक वेळी किंमत एकच, फोटॉन कमी आणि वाट बघणं जास्त.

मग आज आपण ज्याला एकच शिखर समजून फिट करतोय, त्यात अजून किती जण दडलेत?