वही दिसली पाहिजे

वर्गात शिकवताना मी एका जागी उभी राहत नाही. बाकांमधून फिरते आणि मुलांच्या खांद्यावरून वहीत डोकावते. उत्तराआधी माझी नजर खाडाखोडीवर जाते. मूल कुठे अडलंय ते तिथेच कळतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे डोकावणंच बंद झालं. ते परत मिळवायला मला किती धडपडावं लागलं, ते लिहून ठेवते आहे. आता वर्गात मोठा पडदा असलेल्या बऱ्याच शिक्षकांना त्यातलं काही उपयोगी पडेल असं वाटतं.

मी ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका मराठी शाळेत आठवीला गणित शिकवते. आमची मुलं किसननगर, लोकमान्य नगर, सावरकर नगर या भागातली. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई चार घरची कामं करते. लॉकडाऊनमध्ये बरीच कुटुंबं गावी गेली होती, कोणी संगमेश्वरला, कोणी पाटणला. जूनमध्ये झूमवर पहिला तास घेतला तेव्हा ५४ पैकी १९ मुलं आली. पडद्यावर काळे चौकोन आणि त्यात नावं, तीही बहुतेक वडिलांची. "ऐकू येतंय का रे?" विचारलं की दोन-तीन आवाज, "हो बाई." मग शांतता. मोफत झूम ४० मिनिटांनी बंद पडायचं आणि त्यातली पहिली दहा मिनिटं हजेरीतच जायची.

जुलैमध्ये ऑनलाइन शिकवण्याबद्दल केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या. पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका घ्या, असं त्यात होतं. मला ते मनापासून पटलं. घरात एक मोबाईल, रोजचा दीड जीबीचा पॅक आणि शिकणारी भावंडं तीन, अशा घरात सहा तासिका कोण बघणार? सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली, त्याचा ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांना आधार झाला. पण गणितात नुसतं बघून भागत नाही, हात चालावा लागतो.

फळा कसा दाखवायचा हा माझा पहिला प्रश्न. स्वयंपाकघरातले डाळ-तांदळाचे दोन उंच डबे ओट्यावर ठेवले, त्यांवर दोन लाकडी फूटपट्ट्या आडव्या टाकल्या आणि पट्ट्यांमधल्या फटीवर मोबाईल पालथा ठेवला. कॅमेरा बरोबर फटीवर. खाली कोरा कागद आणि जाड स्केचपेन. खिडकी उजवीकडे होती, त्यामुळे माझ्याच हाताची सावली आकड्यांवर पडायची. डबे फिरवून उजेड डाव्या बाजूने घेतला तेव्हा अक्षर स्वच्छ दिसायला लागलं. मुलांना माझा चेहरा दिसला नाही तरी चालेल, पेन दिसलं पाहिजे, हे त्या आठवड्यात माझं पक्कं झालं.

मुलांचं काम बघण्यासाठी मी गूगल फॉर्म केला. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. निकाल बघून मी हरखून गेले. जवळजवळ सगळ्यांना दहापैकी नऊ-दहा! दोन दिवसांनी त्यातल्याच एका मुलीला फोनवर एक उदाहरण तोंडी विचारलं, तर तिला पहिली पायरीही सांगता येईना. ती खोटं बोलणारी मुलगी नाही. मोठ्या भावाने पर्याय सांगितले होते आणि तिने खुणा केल्या होत्या. फॉर्मने मला उत्तरं दाखवली, खाडाखोड दाखवली नाही. त्या दिवसापासून मी फॉर्म फक्त हजेरीपुरता ठेवला आणि वह्यांचे फोटो मागवायला सुरुवात केली.

सुरुवातीचे फोटो आडवे, धूसर, अर्धं पान कापलेले. मग नियम केला: एका पानावर एकच उदाहरण, वर उजवीकडे हजेरी क्रमांक, खाडाखोड अजिबात पुसायची नाही आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. नुसता फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि पेन्सिलीचं लिखाण पुसट होतं. मी उत्तर आवाजी संदेशाने द्यायचे: "तिसऱ्या ओळीत चिन्ह बदललंय बघ, तिथून पुन्हा कर." प्रत्येकाला अर्धा मिनिट. तरी रोज दोन तास जायचे.

एका मुलाचे फोटो नेहमी रात्री साडेदहानंतर यायचे. एकदा जरा रागानेच विचारलं, तर म्हणाला, "बाई, पप्पा रिक्षा लावून येतात तेव्हा मोबाईल मिळतो." सकाळी ११ चा तास त्याच्यासाठी कधी नव्हताच. मी एवढे दिवस त्याला गैरहजर लावत होते. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

१२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. घरचं वायफाय गेलं, तास झालाच नाही. पण आदल्या रात्री मी समांतर रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या रेषेचा, म्हणजे छेदिकेचा, एक छोटा व्हिडिओ सहज म्हणून गटावर टाकला होता. त्या रात्री २३ वह्या आल्या, एरवीच्या तासाला येत त्याहून जास्त. मग मी सकाळचा तास जवळजवळ सोडूनच दिला. डब्यांखाली रेकॉर्ड केलेला सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा आणि आठवड्यातून दोनदा रात्री ९ वाजता, मोबाईल घरी आल्यावर, फक्त शंकांसाठी भेटायचं. व्हॉट्सॲपवर तेव्हा १६ एमबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसे. त्यामुळे एका व्हिडिओत एकच कल्पना बसायची. बोलण्यातलं पाल्हाळ आपोआप गळलं.

त्या रात्रीच्या तासांतला एक मला लख्ख आठवतो. विस्तार सूत्रं चालू होती. वह्यांमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा दिसत होती: ए अधिक बी कंसाचा वर्ग म्हणजे एचा वर्ग अधिक बीचा वर्ग. सूत्र सातवीत पाठ झालेलं, तरीही. मी चौकटीच्या वहीतून ७ चौकटी लांब, ७ चौकटी रुंद चौरस कापला आणि कॅमेऱ्याखाली ठेवला. म्हटलं, ७ म्हणजे ५ अधिक २. तुमच्या पद्धतीने २५ अधिक ४, किती? "२९!" आणि सातचा वर्ग? "४९!" मग २० चौकटी गेल्या कुठे? मी कात्रीने ५ बाय ५ चा चौरस वेगळा केला, २ बाय २ चा वेगळा केला. कागदावर दोन पट्ट्या उरल्या. कोणीतरी माईक चालू करून ओरडलं, "बाई, दोन आयत! दहा-दहाचे!" मागून त्याच्या आईचं हसू ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या वह्यांत कित्येकांनी चौरस काढून त्यात ते दोन आयत रंगवले होते.

२०२१ च्या १ जुलैपासून मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, त्यात मागच्या वर्षीचं काय निसटलंय ते चाचण्यांमधून पुन्हा एकदा समोर आलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. मास्क लावलेली मुलं आणि त्यांच्या खऱ्या वह्या.

पुढे आमच्या वर्गात भिंतीवर मोठा स्पर्शपडदा लागला. पहिले काही महिने मी त्यावर दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधले व्हिडिओ लावायचे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ मिळतो. शाळेतल्या इंटरनेटचा भरवसा नसल्याने मी आदल्या संध्याकाळी घरी उतरवून ठेवत असे. मुलं अगदी गप्प बसून बघायची. त्या गप्प बसण्याने माझी फसगत झाली. घटक चाचणीत कळलं की व्हिडिओ सगळ्यांच्या लक्षात आहे, पण गणित सुटत नाही. पुन्हा तेच झालं होतं, मी वहीकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघत होते.

आता मी व्हिडिओ दोन मिनिटांवर थांबवते आणि पुढे काय होईल ते वहीत लिहायला सांगते. त्रिकोणाचे शिरोलंब, म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब, शिकवताना जिओजेब्रा या भूमितीच्या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरवर लघुकोन त्रिकोण काढते. तिन्ही शिरोलंब आत एका बिंदूत मिळालेले. मुलांनी आधी वहीत अंदाज लिहायचा: हा कोन विशाल केला तर तो बिंदू कुठे जाईल? मग एकाला पुढे बोलावते, तो बोटाने शिरोबिंदू ओढतो. काटकोन होताच तो बिंदू, म्हणजे शिरोलंबसंपात, त्या कोनाच्या शिरोबिंदूवर येतो आणि पुढे ओढलं की त्रिकोणाच्या बाहेर निसटतो. फळ्यावर खडूने हे सरकणं मला कधी दाखवता आलं नव्हतं. पडद्याची खरी ताकद मला इथे दिसते.

आणि फूटपट्ट्यांची ती युक्ती मी टाकून दिलेली नाही. वर्गात माझ्या टेबलावर एक स्टँड आहे, त्याला मोबाईल अडकवते आणि त्याखाली मुलाची वही ठेवली की ती पडद्यावर मोठी दिसते. नाव झाकलेलं, आणि त्या मुलाला विचारूनच. चूक सगळा वर्ग मिळून शोधतो. सुरुवातीला कोणी वही देईना, म्हणून पहिले काही दिवस मी माझंच मुद्दाम चुकवलेलं गणित ठेवत होते.

परवा तास संपायला पाच मिनिटं होती. शेवटच्या बाकावरची, वर्षभरात फारसं न बोललेली मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. नाव हाताने झाकलेलं होतं.

"बाई, माझी लावा ना. चुकलंय, पण कुठे ते मला सापडत नाहीये."