अथणी–तिकोटा द्राक्षपट्टा: आजोबांच्या वेली, नवी मुळं

कृष्णाकाठचा ऊस मागे टाकून अथणीतून विजयपूरच्या रस्त्याला लागलं, की पुढे ऐगळी, तेलसंग, होनवाड, तिकोटा हा पट्टा लागतो. पाऊस कमी, जमीन मुरमाड आणि चुनखडीची, हवा कोरडी. द्राक्षाला आणि त्याहून जास्त बेदाण्याला हे मानवतं. सध्या इथे पाहण्यासारखं काम म्हणजे मागच्या पिढीच्या थकलेल्या बागा नव्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या रोपावर, पुन्हा उभ्या करणं. द्राक्ष किंवा वाईन यांत रस असलेल्यांनी हा पट्टा एकदा नीट पाहावा.

बेळगावहून चिकोडीमार्गे अथणी साधारण तीन तास. रेल्वेने यायचं तर मिरज–लोंढा मार्गावरच्या उगार खुर्द किंवा शेडबाळला उतरून एसटी किंवा वडाप. अथणीत मराठी सहज चालतं, तेलसंगपासून पुढे कन्नड. बागेतल्या जुन्या माणसांना मात्र बहुधा दोन्ही येतात, कारण छाटणीच्या टोळ्या आणि कलम बांधणारे कारागीर जत-तासगावकडून येत राहिले आहेत.

इथल्या जुन्या बागा थॉमसन सीडलेसच्या. ही वेल मूळची इराण-तुर्कस्तानकडची किसमिस. इंग्लंडहून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८७० च्या दशकात तिथे ती वाढवली आणि त्यांचंच नाव तिला चिकटलं. १९६० च्या दशकात ती सांगली भागात रुजली. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तिच्यातून तास-ए-गणेश निवडलं, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. अथणीच्या बांधावर आज दिसणारी वेल एवढं फिरून आलेली आहे.

या बागा स्वमुळावरच्या. काडी थेट जमिनीत रोवायची, तीच फुटायची. बोअरच्या पाण्यात क्षार वाढले तसं नुकसान मुळाशी सुरू झालं. आधी पानांच्या कडा करपतात, मग काडी बारीक पडते, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (वेल मागे कापून नवी काडी घेण्याची छाटणी) काडीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, मागेपुढे फुटतात आणि घड कमी लागतात. खत वाढवून हे सुधारत नाही, उलट क्षार वाढतात. म्हणून उपाय मुळाचा: क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारा अमेरिकन खुंट खाली, घरचीच जातिवंत काडी वर. वर्षानुवर्षं सरळ, भरपूर घड देणारी वेल माल काढतानाच रंगाची खूण करून ठेवतात आणि कलमाची काडी तिचीच घेतात. आमच्या मते सगळ्या खटाटोपात मोलाची गोष्ट हीच. रोपवाटिकेतून आलेली अनोळखी काडी कशी वागेल ते तिसऱ्या वर्षी कळतं, आजोबांच्या वेलीचा स्वभाव घराला पाठ असतो.

कलमं पाहायची तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये या. खुंट आदल्या जानेवारी-मार्चमध्ये लावलेले असतात, पुष्कळदा जुन्या दोन वेलींच्या मधोमध, म्हणजे मांडवाचे अँगल आणि तारा तशाच वापरता येतात. खुंट पेन्सिलीएवढा, ८ ते १० मिलिमीटर जाडीचा झाला की जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर कापून मधोमध चीर देतात. दोन डोळ्यांची पक्व तपकिरी काडी बुरशीनाशकात बुडवून, खालचं टोक सुमारे ४ सेंटिमीटर पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवतात. दोघांची जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूला साल सालीला भिडवायची. मग प्लास्टिकची पट्टी घट्ट. आदल्या दिवशी पाणी दिलेलं हवं, कारण रस न चढलेल्या खुंटावर कलम जुळत नाही. दमट हवा गेली, ऑक्टोबरचं ऊन तापलं, की काडी फुटण्याआधीच वाळते. सगळं जमूनही मर होते ती बहुधा खुंटाचे फुटवे वेळेवर न काढल्यामुळे: खालचा फुटवा सगळा रस ओढतो आणि वरचा डोळा उपाशी राहतो. पट्टी पुढे सोडली नाही तर सांधा आवळला जातो.

खुंट कोणता, हा प्रश्न जरूर विचारा. डॉग्रीज सर्वांत रुळलेला आणि जोमदार. पण नत्र आणि पाणी सढळ झालं तर नुसता पाला देतो, आणि पालाश (पोटॅश) कमी पडल्याच्या तक्रारीही त्यावरच जास्त. म्हणून नव्या लागणीत ११०-आर हा दुसरा खुंट दिसू लागला आहे.

बेदाणा शेड पाहायचं तर मात्र फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. साखर २२-२४ ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) झाल्यावरच माल उतरवतात. कच्चा माल वाळवला की बेदाणा पोकळ आणि आंबट निघतो. दर लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल, त्यात घड दोन ते चार मिनिटं. मण्यावरचा मेणाचा थर फुटून पाणी बाहेर पडायला वाट मिळते. जास्त बुडवलं तर साल तडकते, रस गळतो, मणी चिकट आणि लालसर होतात. द्रावणाचा सामू (पीएच) ११ च्या आसपास लागतो. घडामागून घड बुडवले की तो उतरतो, म्हणून चांगल्या शेडवर सामूची पट्टी हाताशी असते. पुढे सावलीच्या जाळीखाली रॅकवर १२ ते १५ दिवस. उन्हात हिरवा रंग टिकत नाही. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. मार्चमधला वळीव हे इथलं खरं भय: एका रात्रीच्या ओलीने माल काळा पडतो, बुरशी धरतो. आभाळ भरलेलं असेल तर शेडवर जाऊ नका, सगळे ताडपत्र्यांच्या मागे असतात.

वाईनसाठी येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: कर्नाटकच्या २००७ च्या द्राक्ष प्रक्रिया आणि वाईन धोरणात हा भाग कृष्णा खोऱ्याच्या पट्ट्यात येतो, पण रस्त्याकडेला दिसणारा बहुतेक माल खाण्याचा आणि बेदाण्याचा आहे. वाईनचं उत्पादन परवान्याशिवाय होत नाही, तेव्हा वायनरीला आधी फोन करून वेळ घ्यावी आणि गाळपाचे दिवस, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, साधावेत.

ऑक्टोबरच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतरचे दोन महिने डावण्या-भुरी या बुरशीजन्य रोगांवरच्या फवारण्यांचे. त्या काळात लहान मुलांना बागेत नेऊ नका, आणि विचारल्याशिवाय मणी तोडून तोंडात टाकू नका. बेदाणा घेताना मूठभर घट्ट दाबून सोडा: मणी सुटे झाले तर वाळण बरोबर, गोळा राहिला तर ओल जास्त. अति पिवळाधमक आणि नाकाला झोंबणारा माल म्हणजे गंधकाची धुरी जास्त. घरी हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेला माल पावसाळ्यात काळवंडतो.