काचेवरचं लक्झेंबर्ग

मी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतो. सेट न्यायला आलेली माणसं चहा होईपर्यंत बसतात, आणि कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही सारखे विलायतेतल्या रविवारच्या रेडिओबद्दल बोलता. दोन महायुद्धांच्या मधला तो काळ. ना आपला देश, ना आपला रविवार. त्यात तुमचा एवढा जीव का?" तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगतो.

आमच्या घरी आजोबांनी परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेला विलायती सेट होता. त्याच्या काचेवर लाँग वेव्हच्या, म्हणजे लांब लहरींच्या, पट्टीत युरोपातल्या रेडिओ केंद्रांची नावं होती: ड्रॉइटविच, हिल्व्हरसम, लक्झेंबर्ग. काटा तिथे नेला की नुसती खरखर. लाँग वेव्हवर आपल्याकडे प्रसारण नव्हतंच. पण मला वाटायचं, खुंटी आणखी जरा हळू फिरवली तर लागेल. मोठा झाल्यावर त्या नावांच्या मागे लागलो, आणि पोचलो रविवारपाशी.

विलायतेत तेव्हा रेडिओ म्हणजे बीबीसी. 1922 मध्ये ती कंपनी म्हणून सुरू झाली, 1927 पासून सार्वजनिक महामंडळ झाली, आणि 1938 पर्यंत कारभार जॉन रीथ यांच्या हातात होता. रीथ स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याचे चिरंजीव. रविवार देवाचा, ही घरातली शिकवण त्यांनी देशाच्या रेडिओला लावली. सकाळी लोक चर्चला जायचे, त्या वेळी नेहमीचे कार्यक्रम बंद. ते सुरू व्हायचे दुपारी, साधारण साडेबारानंतर. नाचाचं संगीत नाही, हसवणूक नाही. गंभीर संगीत, व्याख्यानं, आणि रात्री आठच्या सुमाराला प्रार्थनासभा. ती वेळही अशी, की गावोगावची संध्याकाळची प्रार्थना आटोपलेली असावी.

आज हे नुसतं जाचक वाटेल. पण त्या प्रार्थनेची गोष्ट ऐका. 1923 मध्ये राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क यांचं लग्न लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये झालं, तेव्हा तिथल्या धर्ममंडळींनी प्रसारणाला नकार दिला. दारूच्या गुत्त्यात डोक्यावरची टोपीही न काढता माणसं हा पवित्र विधी ऐकतील, अशी धास्ती होती. मग 6 जानेवारी 1924 ला, रविवारीच, ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन चर्चमधून तिथले पाद्री डिक शेपर्ड यांनी पहिल्यांदा चर्चमधली प्रार्थना रेडिओवरून घराघरांत पोचवली. याच शेपर्डनी पहिल्या महायुद्धात आपलं चर्च सैनिकांना आसऱ्यासाठी खुलं ठेवलं होतं. चर्चच्या पायऱ्या चढू न शकणारे, अंथरुणाला खिळलेले, अंध, एकटे, अशांसाठी तो आवाज काय असेल! अंधांना तर 1926 च्या कायद्याने रेडिओ ऐकण्याचं दहा शिलिंगांचं लायसन्सही माफ झालं. त्याच वर्षी रविवारी संध्याकाळी एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी मदतीचं आवाहन सुरू झालं. जेमतेम पाच मिनिटांचं, पण दर आठवड्याला. आणि 1928 पासून रविवारी जर्मन संगीतकार बाखचे कँटाटा, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यांसाठीच्या धार्मिक रचना, ऐकवू लागले. बाखने ते चर्चमधल्या रविवारसाठीच लिहिले होते, आणि दोनशे वर्षांनी ते खाणकामगाराच्या स्वयंपाकघरात पोचले. यासाठी रीथ यांचा मी मनापासून ऋणी आहे, मी तिथला नसूनही.

ज्या घरांत वीज नव्हती तिथे रेडिओ ॲसिडच्या बॅटरीवर चाले. जड काचेचं ते भांडं उचलून, कपड्यांवर थेंब सांडू न देता, चार्ज करायला दुकानात न्यायचं. रविवारी दुकानं बंद. शनिवारी आणायचं राहिलं की रविवारी रेडिओ मुका. हे तपशील वाचताना मला त्या घरातली आई दिसते, पोराला शनिवारी दुपारी पिटाळणारी.

आता साडेपाच दिवस गिरणीत राबलेल्या बापाचा विचार करा. घरी बसून रेडिओ ऐकायला त्याला खरा एकच दिवस, आणि त्याच दिवशी हसायला बंदी. इथे मात्र रीथ चुकले, असं माझं स्पष्ट मत आहे. श्रोत्यांनी भांडण केलं नाही. त्यांनी खुंटी फिरवली.

कॅप्टन लिओनार्ड प्लग यांनी 1931 पासून फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या फेकाँ गावातून, रेडिओ नॉर्मंडीवरून, इंग्रजी कार्यक्रम सुरू केले. 1933 मध्ये रेडिओ लक्झेंबर्ग आलं, लाँग वेव्हवर, दणदणीत ताकदीचं. रविवारी दिवसभर बँड, गाणी, विनोद, आणि मध्ये मध्ये जाहिराती. संध्याकाळी साडेपाचला ओव्हलटीन या दुधात घालायच्या पेयाच्या कंपनीचा मुलांचा कार्यक्रम लागे. मुलांना बिल्ला मिळे, सांकेतिक भाषा मिळे. ब्रिटिश टपाल खात्याने लक्झेंबर्गला थेट प्रसारणासाठी टेलिफोनच्या तारा द्यायचं नाकारलं, तर कार्यक्रम लंडनमध्येच ध्वनिमुद्रित करून पलीकडे पाठवू लागले. एका जाहिरात कंपनीचा असा स्टुडिओ होता बुश हाउसमध्ये. हो, तेच बुश हाउस, जिथून पुढे कित्येक वर्षं आपण बीबीसी हिंदी ऐकली.

या सगळ्यात एक रविवार मला अस्वस्थ करतो. 25 डिसेंबर 1932. त्या दुपारी राजे पाचवे जॉर्ज सँडरिंगहॅमहून पहिल्यांदा नाताळचा संदेश बोलले. मजकूर लेखक रुडयार्ड किपलिंगचा. सहाच दिवसांपूर्वी सुरू झालेल्या बीबीसीच्या एम्पायर सर्व्हिसच्या शॉर्ट वेव्हवरून तो साम्राज्यभर गेला. दूरदूरच्या एकाकी माणसांना उद्देशून ते बोलत होते, आणि त्या वेळी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्या रविवारची एवढी नवलाई मी सांगतो, पण हे विसरून सांगता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र आमच्या घरात आहे. 1952 मध्ये पुण्याचे बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांनी सिनेसंगीताला आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलं आणि शास्त्रीय संगीताची राष्ट्रीय सभा सुरू केली. देशाने काटा रेडिओ सिलोनवर नेला. आमच्याकडे त्याच विलायती सेटवर बुधवारी बिनाका गीतमाला लागे, आई पोळ्या लाटता लाटता अमीन सयानींना ऐके. शनिवारी रात्री त्याच सेटपुढे वडील सभा ऐकत डोळे मिटून बसत, आणि आम्ही पोरं कुजबुजतसुद्धा नसू. रीथ आणि लक्झेंबर्ग एकाच घरात नांदत होते. इंग्लंडातही कित्येक घरांत तसंच असणार: साडेपाचला पोरांचं ओव्हलटीन, आठला आजीची प्रार्थना, खुंटी एकच.

3 सप्टेंबर 1939 हाही रविवारच. सकाळी सव्वाअकराला ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्ध सुरू झाल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात लक्झेंबर्गचं इंग्रजी प्रसारण थांबलं. फ्रान्समध्ये थंडीत बसून राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांना रविवारीही करमणूक हवी होती, म्हणून 7 जानेवारी 1940 ला बीबीसीने त्यांच्यासाठी वेगळी वाहिनी सुरू केली. तोही रविवारच होता. त्या वाहिनीवर रविवारी नाचाचं संगीत लागे, आणि सैनिकांच्या घरची माणसंही काटा तिथेच ठेवत.