भिंतीवरचा वेली गुलाब पुन्हा फुलवताना

घराबरोबर हा वेली गुलाब माझ्याकडे आला, तेव्हा त्यावर पानांपेक्षा काटेच जास्त दिसत. लांबलचक फांद्या भिंतीवर सरळ वर गेलेल्या, खालचा सगळा भाग उघडाबोडका आणि फुलं काय ती अगदी शेंड्याला. बघणारा प्रत्येक जण म्हणे, भरपूर खत घाला. मला ते पटत नव्हतं. कसंबसं तग धरून असलेल्या झाडाचं बिनसलंय कुठे, ते आधी पाहायला हवं.

म्हणून सुरुवात बुंध्यापासून केली. तण आणि साचलेली पानं काढून माती उकरली. आदल्याच दिवशी चांगला पाऊस झाला होता, तरी वीतभर खाली माती ठक्क कोरडी! भिंत पाऊस अडवते, पायथ्याशी ओल पोचतच नाही. वेली गुलाब भिंतीपासून निदान 45 सेंमी लांब लावायचा तो यासाठीच. हा तर भिंतीला खेटूनच होता. एवढं जुनं झाड हलवणं धोक्याचं, म्हणून आळं बाहेरच्या बाजूला रुंद केलं. रोज थोडंथोडं शिंपडण्याऐवजी माती खोलवर भिजेल असं सावकाश पाणी द्यायचं आणि वरची माती सुकली की पुन्हा. वर पालापाचोळ्याचं दोनेक इंच आच्छादन घातलं, बुंध्याला टेकणार नाही असं.

उकरताना आणखी एक गोष्ट हाती लागली. साऱ्या झाडात एकच फांदी तजेलदार होती, फिकट हिरवी आणि जोमानं वाढणारी. कुणालाही वाटावं, हिला जपायला हवं. पण बोटांनी माती बाजूला करत तिचा उगम शोधला, तर ती कलमाच्या गाठीखालून निघालेली! म्हणजे खुंटाची, ज्या दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर हा गुलाब कलम केलेला आहे त्याची, फूट. ती वाढू दिली, तर मुळांचं बळ तीच खाते आणि वरचा गुलाब उपाशी राहतो. एका पानात सात पर्णिका, म्हणजे सात छोटी पानं, असली की फूट खुंटाची, असं सांगतात, पण तेवढ्यावर जाऊ नये; काही चांगल्या वेली गुलाबांनाही सात पर्णिका असतात. उगम बघावा, हेच खरं. वरून कापली तर ती तळाच्या डोळ्यांतून पुन्हा येते, म्हणून मी मुळापाशी धरून ओढून काढली.

छाटणीला हात घातला तो नवी वाढ सुरू व्हायच्या बेतात. नखानं साल खरवडायची : आत हिरवं असेल तर फांदी जिवंत. वाळलेल्या फांद्या मागे मागे कापत नेल्या, गाभा तपकिरी दिसायचा थांबून पांढरट दिसेपर्यंत. हे करताना जीव वरखाली होतो, पण अर्धवट मेलेलं लाकूड ठेवलं तर मर आणखी खाली उतरते.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम, फांद्या आडव्या करणं. फांदी सरळ उभी असली की शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो; त्यासाठी ऑक्सिन हे संप्रेरक कारणीभूत असतं. म्हणून तर फुलं फक्त टोकाला येत होती. लवचीक फांद्या एकदम न वाकवता थोड्याथोड्या खाली आणल्या आणि ताणलेल्या तारांना सुती चिंध्यांनी सैल बांधल्या. काही आठवड्यांतच आडव्या फांद्यांवरचे डोळे लालसर टपोरे झाले आणि एकेका डोळ्यातून कोवळा फुटवा वर उठला. उघड्याबोडक्या लाकडातून ते येताना बघणं हे या सगळ्या खटपटीतलं माझं सर्वांत मोठं सुख.

खत दिलं ते पालवी उलगडल्यावर, तेही बेतानं. जास्त नत्रानं लुसलुशीत वाढ होते आणि मावा ही कीड आयतीच येते. काळ्या ठिपक्यांसाठी मात्र रोजची नजर लागते : ही बुरशी पानं तासन् तास ओली राहिली की रुजते, म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशीच. गळलेली ठिपकेवाली पानं वेचून कचऱ्यात टाकते, आळ्यात राहू देत नाही.

एक जाड, जुनाट फांदी अजून ठेवली आहे. ती वाकत नाही आणि फुलंही फारशी देत नाही. पण सगळं जुनं लाकूड एकदम काढलं तर झाडाला झेपणार नाही. तळातून गाठीच्या वर निघालेली नवी फांदी तारेपर्यंत पोचली, की पुढच्या छाटणीत ही जुनी बुंध्यापासून काढणार आहे.